दोनशे ऐंशी मीटर

ब्राझील मी पाहिलेलं नाही. तिथली भाषा मला येत नाही, तिथं माझं कुणी नाही. तरी त्या देशातल्या एका मध्यम शहराचा जवळजवळ प्रत्येक रस्ता मी माझ्या हातानं काढला आहे, आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बाविसाव्या मजल्यावर बसून. बसून म्हणायचं एवढंच. वीस मिनिटांच्या वर मला एका जागी बसवत नाही. उठायचं, पाण्याची बाटली भरायची, खिडकीशी जाऊन खाली मेट्रोकडे निघालेली माणसं बघायची, परत यायचं. नवरा म्हणतो, तुला खुर्चीचं वावडं आहे. आई म्हणायची, बापाच्या पायाची भिंगरी पोरीच्या पायाला लागली.

काम असं होतं. त्या शहराचे जुने नकाशे आणि उपग्रहाची चित्रं आमच्याकडे आली होती. शहर लहान होतं तेव्हाचे रस्ते, थोडं वाढलं तेव्हाचे, आणि आजचे, असे थरावर थर काढायचे. मग मोजायचं, की किती रस्ते एकमेकांना मिळतात आणि किती मध्येच संपतात. थोडक्यात, शहर वाढत गेलं तसं एका घरून दुसऱ्या घरी जाणं सोपं झालं की अवघड. शहराचा मधला भाग चौकडीच्या वहीसारखा होता. कुठूनही निघा, चार वाटा. पुढं रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे कारखाने, आणि मग कडेकडेनं नव्या कॉलन्या: भोवती कुंपण, एकच फाटक, आत वळणावळणाचे रस्ते आणि प्रत्येक रस्त्याला शेवटी गोल शेपूट. गाव वाढत होतं आणि वाटा कमी होत होत्या. मला हे काम आवडत होतं, कारण हे काम म्हणजे आप्पांचंच काम होतं, फक्त माझ्या पायाला धूळ लागत नव्हती.

आप्पा म्हणजे माझे वडील. कराडला वीज मंडळात ते एकतीस वर्षं मीटर रीडर होते. दर महिन्याला ठरलेल्या घरांचा ठरलेला रूट, हातात रेघा मारलेली लांब वही. कुठल्या घराचं परसू कुठल्या बोळात उघडतं, कुणाच्या गोठ्यातून गेलं की मागची आळी लागते, हे त्यांच्याइतकं नगरपालिकेलाही ठाऊक नव्हतं. एकाच वाटेनं जाऊन त्याच वाटेनं परत येणं त्यांना कमीपणाचं वाटे. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची, म्हणून त्यांच्या वहीचे नियम मला पाठ होते. घर बंद असलं की त्या घरापुढं ‘कुलूप’ लिहायचं आणि शेजारी निरोप ठेवायचा, "दार उघडलं की कळवा म्हणावं." सलग तीन महिने कुलूप लागलं की ते घर रूटवरून निघायचं. मग त्याचं काय करायचं ते ऑफिस बघायचं.

आई गेली तेव्हा मी पोचले नव्हते. विमानात होते. ते मला अजून सोसत नाही, आणि आप्पांच्या बाबतीत ते मला पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. बाकी माझं काही मागणं नव्हतं: आप्पा माझ्याजवळ असावेत. महिना-दोन महिने राहून जातो म्हणून ते आले, तेव्हा आम्ही करामा या शहरातल्या जुन्या, दाट वस्तीत राहत होतो. मी मनात धरलं होतं की यांना आता परत पाठवायचं नाही.

करामानं माझं काम सोपं केलं. आठवड्याभरात आप्पांना भाजीवाल्याकडे जायच्या तीन वाटा सापडल्या. जाताना शिंप्याच्या दुकानावरून, येताना मशिदीच्या बाजूनं, आणि ऊन असलं तर दोन बिल्डिंगींच्या मधून, जिथं एसीचं पाणी ठिबकतं. रस्ता विचारायला फोन लागत नाही, तोंड लागतं, असं ते माझ्या मुलीला सांगायचे आणि ती म्हणायची, "आजोबा, जस्ट यूज द मॅप." तिसऱ्या आठवड्यात बागेतल्या बाकावर त्यांना मास्तर भेटले. चिपळूणकडचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, मुलाकडे राहणारे. दोघांची जोडी जमली. सकाळी सातला निघायचं, तासभर चालायचं, उडप्याकडे एकात दोन चहा घ्यायचा आणि घाटावरचा माणूस चांगला की कोकणातला यावर भांडायचं. दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. व्हिसा वाढवताना आप्पा ‘नको’ म्हणाले नाहीत. मला आणखी काय हवं होतं?

मग मास्तरांच्या मुलानं घर बदललं. शहराच्या पार टोकाला, वाळवंट जिथं अजून पूर्ण मागं हटलेलं नाही तिथं, नव्या कम्युनिटीत. आप्पा बाकावर एकटे बसू लागले. आठ दिवसांत त्यांनी तेही सोडलं. सोफ्यावर बसून बातम्या बघत राहायचे, आणि त्या संपल्या की त्याच पुन्हा. एक दिवस सहज बोलावं तसं म्हणाले, "कराडच्या घराला पोतेरं फिरवायला हवं कुणीतरी." मला काय ते कळलं.

मी लागले मागं. आमच्या बिल्डिंगलाही दुरुस्तीची नोटीस आलीच होती, आणि नवऱ्याची नोकरी अबुधाबीला असल्यानं शहराबाहेरचं घर त्यालाही सोयीचं होतं. मास्तरांच्या कम्युनिटीत जागा नव्हती. तिला लागूनच दुसरी होती, कोरी, अर्धी अजून बांधून होत असलेली. मी लॅपटॉपवर नकाशा उघडला, मास्तरांच्या घरावर एक टिचकी, आम्हाला मिळत होतं त्या घरावर दुसरी. दोनशे ऐंशी मीटर.

"आप्पा, मास्तर दोनशे ऐंशी मीटरवर. खिडकीतून हाक मारलीत तरी ऐकू जाईल."

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते असलं काही करत नाहीत. माझ्या लग्नातही केलं नव्हतं.

आता सांगते ते सांगायला लाज वाटते. दोन ठिपक्यांमधली सरळ रेघ म्हणजे अंतर नव्हे, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. पक्ष्याला दोनशे मीटर म्हणजे माणसाला किती, हाच आमचा सगळा धंदा. आणि घरचं घर निवडताना मी रेघ ओढली आणि सामान बांधायला घेतलं. वैद्याच्याच घरी पथ्य नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

आम्ही ऑक्टोबरात राहायला गेलो. पहिले बारा दिवस आप्पा सातला घराबाहेर पडत आणि साडेआठला परत येत, चपलांत वाळू घेऊन.

"भेटले का मास्तर?"

"भेटले की."

कसे गेलात, कुठून गेलात, हे मी विचारलं नाही. खोकी उघडायची होती, मुलीच्या शाळेची बस ठरत नव्हती, नवऱ्याची शिफ्ट बदलली होती. ते जातात म्हणजे वाट असणार, एवढ्यावर मी सोडून दिलं. मी घाईची बाई आहे. एक गोष्ट हातातली संपण्याआधी दुसरीकडे पाऊल टाकते.

तेराव्या दिवशी आप्पा दहा मिनिटांत परत आले. चौदाव्या दिवशीही.

"मास्तरांना बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग?"

"भिंत झाली," आप्पा म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

मी जाऊन पाहिलं. दोन कम्युनिटींच्या मधोमध भिंत होती, पण बांधकामाच्या गाड्यांसाठी तिच्यात एक खिंड ठेवलेली होती. आप्पा त्या खिंडीतून जात होते. आता तिथं काँक्रीटचे उभे तुकडे आणून बसवले होते. एका दुपारचं काम. पलीकडच्या घरांच्या गच्च्या दिसत होत्या, कपडे दिसत होते, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता.

वाटेनं जायचं तर आमच्या फाटकातून बाहेर पडा, सर्व्हिस रोडनं खाली जा, गोल चौकाला वळसा घाला, पलीकडून वर या, त्यांच्या फाटकावर नाव सांगा, आणि मग आत. सहा किलोमीटरच्या वर. फुटपाथ नाही. आप्पांनी एकदा ते चालून बघितलं. गोल चौकापर्यंत पोचले. तिथं गाड्या इतक्या वेगानं येतात की ओलांडायला पाऊलच टाकता येईना. आमच्या सिक्युरिटीच्या माणसानं त्यांना छोट्या बॅटरीच्या गाडीत बसवून घरी आणलं. गाडीतून उतरताना ते हसत म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते हेच बरं का." हसले आणि टोपी काढून कितीतरी वेळ घाम पुसत राहिले.

मी टॅक्सीचं ॲप त्यांच्या फोनवर घालून दिलं. ते एकदाच गेले. परत आल्यावर म्हणाले, "चौदा दिरहम. म्हणजे सव्वातीनशे रुपये झाले की! शेजाऱ्याकडे चहा प्यायला सव्वातीनशे?" मी म्हटलं, पैशाचं मी बघते. ते म्हणाले, पैशाचं नाही गं, शेजारी जायला कुणाला गाडी मागवावी लागली तर तो शेजारी कसला. शनिवारी मी गाडीनं सोडायची. पण मग मी बाहेर बसलेली, घड्याळ बघणारी, आणि माझा स्वभाव असा की पाचव्या मिनिटाला स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागते. ते दोघं माझ्याकडे बघून चहा लवकर संपवायचे.

म्हणून त्यांनी स्वतःची सोय काढली. सकाळी सातला आप्पा भिंतीच्या अलीकडे, मास्तर पलीकडे, आणि दोघांचे फोन स्पीकरवर. खरं म्हणजे फोनची गरजही नव्हती, कारण दोघंही ओरडूनच बोलत. मास्तरांनी प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं. त्यावर चढले की अलीकडून त्यांची नुसती टोपी दिसे. टोपीशी गप्पा मारणारे माझे वडील बघून मला हसूही यायचं आणि संतापही. एक दिवस सिक्युरिटीवाला आला.

"अंकल, इधर खडा रहना अलाउड नहीं है. कंप्लेंट आया है."

"अरे बाबा, मैं खडा किधर हूँ? मैं तो मिलने आया हूँ," आप्पा म्हणाले.

त्याला ते पटलं, पण त्याचाही इलाज नव्हता. मास्तरांच्या सुनेनं स्टूल उचलून घरात ठेवलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस स्टुलावरून पडला तर कोण निस्तरणार, असं तिचं म्हणणं, आणि तेही बरोबरच होतं.

माझा राग कुणावर काढावा ते मला कळत नव्हतं. बिल्डरवर काढला, सिक्युरिटीवर काढला, नवऱ्यावर काढला. तो म्हणाला, "अगं, भिंत मी घातली का?" ऑफिसात तर मला टाचणीचाही आवाज सहन होईना. आणि नेमकी तेव्हाच ब्राझीलच्या कामात माझी चूक सापडली.

चूक साधी होती. हातानं काढलेल्या नकाशात रेघांची टोकं नेहमीच जुळत नाहीत. दोन रस्ते खरे मिळालेले असतात, पण कागदावर मध्ये बोटभर फट राहते. अशा हजारो फटी एकेक करून कोण बुजवणार? सॉफ्टवेअरला सांगायचं, अमुक अंतराच्या आतली टोकं जोडून टाक. मी बारा मीटर सांगितले आणि पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा शहर छान जोडलं गेलं होतं. आकडे तर इतके चांगले की मी खूश झाले. वाढूनही न तुटलेलं शहर!

जानेवारीच्या सुरुवातीला तिकडच्या लोकांशी व्हिडिओवर मीटिंग झाली. त्यांच्यातली एक बाई त्याच शहरात राहणारी. तिनं माझा नकाशा मोठा केला, एका कॉलनीच्या कडेशी थांबली आणि विचारलं, हे कुणी काढलं? मी म्हटलं, मी. तिचं बोलणं दुभाष्यानं सांगितलं ते असं: "इथं माझी मावशी राहते. माझ्या खिडकीतून ती कपडे वाळत घालताना दिसते. मध्ये भिंत आहे. तिच्याकडे जायला मला बस बदलावी लागते. तुमच्या नकाशात मी दोन मिनिटांत पोचते. मला तुमच्या शहरात राहायला फार आवडेल."

सगळे हसले. मीही हसले. भिंत जाडीला वीतभर असते, आणि तिच्यामुळे दोन रस्त्यांत पडलेली फट सॉफ्टवेअरला रेघ काढणाऱ्याची चूक वाटली होती. भिंतींचं मी त्याला आधी सांगून ठेवायला हवं होतं, आणि मी उठून पाण्याला गेले होते. त्यानंतरचे तीन आठवडे मी ती कडेची प्रत्येक शेपटी डोळ्यांनी बघून पुन्हा तोडली. जोडलेलं तोडण्याचं काम. करताना डोळ्यांसमोर मास्तरांची टोपी.

मीटिंग झाली त्याच संध्याकाळी मी कम्युनिटीच्या मॅनेजमेंटला मेल लिहिला. चांगला कडक लिहिला. पायी चालणाऱ्यांची तुम्हाला पर्वा नाही, म्हातारी माणसं कोंडली जातात, तुमच्या नकाशात माणसं आहेत की नुसत्या गाड्या, असलं बरंच काही. धंद्यातले चार शब्दही घातले, म्हणजे वजन पडेल. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, अत्यंत सभ्य. प्रिय रहिवासी, खिंड बंद करण्याचा निर्णय रहिवाशांच्या मतानं झाला होता, सोबत यादी जोडत आहोत. यादीत घराचे नंबर आणि पुढं ‘हो’ किंवा ‘नाही’. आमच्या नंबरापुढं ‘हो’ होतं.

मला आठवलं. पहिल्याच आठवड्यात रहिवाशांच्या ग्रुपवर एका शेजारणीनं लिहिलं होतं, की साइटवरचे लेबर लोक मागच्या बाजूनं आत येतात, मुलं खेळत असतात, प्लीज गुरुवारपर्यंत सगळ्यांनी व्होट करा. खाली लिंक. मी स्वयंपाकघरात होते. एका हातात झारा, दुसऱ्या हातात फोन. मुलगी तिच्या मैत्रिणीचं नाव घेऊन म्हणाली, "मम्मा, झाराज मॉम ऑलरेडी व्होटेड." मी मुलीकडे बघितलं, अंगठ्यानं ‘हो’ दाबलं आणि पुरी उलटली.

त्या ‘लेबर लोकां’तला एकजण मंडणगडचा होता, फरशी बसवणारा, पन्नाशीचा. आप्पांबरोबर खिंडीपर्यंत बोलत यायचा. त्याच्या गावाकडच्या आंब्याच्या कलमांची सगळी हकिकत आप्पांना माहीत होती. हेही मला आप्पांनी नंतर सांगितलं.

मी आप्पांना काही बोलले नाही. लाज वाटली. त्याऐवजी ठरवलं, आधी वाट उघडायची, मग सांगायचं. मॅनेजर म्हणाला, पायी जाण्यापुरतं छोटं दार करायचं असेल तर दोन-तृतीयांश घरांच्या सह्या आणा. संक्रांत आलीच होती. आमच्याकडे तिळगूळ घेऊन कुणाच्याही दाराशी जायला चालतं, त्यात काही मागितलं तरी कुणाला वावगं वाटत नाही, हा माझा हिशोब. दोन किलो तिळाच्या वड्या केल्या, सहीचा कागद पर्समध्ये, आणि चार संध्याकाळी दारोदार हिंडले. आप्पांना म्हटलं, हळदीकुंकवाला जाते. लाहोरच्या, कैरोच्या, मनीलाच्या बायकांना मी ‘गोड बोला’ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. वड्या सगळ्यांना आवडल्या. गोडही सगळ्या बोलल्या. सही मोजून अकरा जणींनी केली.

एक घर कोथरूडचं निघालं. तिथं मी जरा सैल झाले, खुर्चीवर बसले. बाईनं कागद वाचला आणि म्हणाली, "पण तुम्हीच तर यस केलं होतंत ना? लिंक उघडली की लिस्ट दिसतच होती. मी तर तुमचा नंबर बघूनच यस केलं. म्हटलं, आपलं मराठी घर आहे, विचार करूनच केलं असेल."

मी तिळगूळ तिथंच ठेवून उठले.

मॅनेजर म्हणाला, "नो प्रॉब्लेम मॅडम, नेक्स्ट फेजमध्ये बघू, इन्शाल्ला." म्हणजे खलास.

मार्चमध्ये व्हिसाचे कागद काढले तेव्हा आप्पा म्हणाले, "यंदा नको करू." मी खूप वाद घातला. डॉक्टर, औषधं, एकटेपणा, जेवणाचे हाल, सगळं काढलं. आईचंही काढलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "इथं मी नुसता बसून आहे. तुला बसवतं का एका जागी? मग मला कसं बसवेल?" मी व्हिसाचे कागद परत फाइलीत घातले.

जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते बॅग भरत होते. मी दारात उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं.

"आप्पा, ती भिंत. आम्हाला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं."

ते सदऱ्याची घडी घालत होते. घडी पुरी केली, बॅगेत ठेवली.

"माहितीय."

मागून मुलगी म्हणाली, "आय टोल्ड हिम, मम्मा. दॅट डे ओन्ली. ही आस्क्ड हू क्लोज्ड इट. आय सेड एव्हरीबडी व्होटेड. यू ऑल्सो."

पाच महिने. पाच महिने माझ्या हातचा चहा घेत होते, माझ्या तोंडून बिल्डरला घातलेल्या शिव्या ऐकत होते, संक्रांतीला माझ्या वड्या डब्यात भरून देत होते.

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय बोलायचं? पोर घरात असली की माणूस कडी लावतोच. मीही लावली असती." त्यांनी दुसरा सदरा हातात घेतला. "कडी लावायच्या आधी घरात कोण कुठून येतं-जातं ते एकदा विचारायचं फक्त."

मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. त्यांनी उठवलं नाही. घड्या घालत राहिले. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ एका जागी क्वचितच बसले असेन.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानानं ते गेले. विमानतळावर जाताना वाटेत मास्तरांकडे थांबलो. दोघंही कराडच्या उन्हावर आणि चिपळूणच्या पुरावर बोलले. निघताना मास्तरांनी एक घडी केलेला कागद दिला. त्यावर पेन्सिलनं भिंत काढली होती, आणि भिंतीवर एका बाजूनं एक टोपी, दुसऱ्या बाजूनं दुसरी. आप्पा मोठ्यानं हसले. मी गाडी सुरू करायला गेले.

आठवड्यानं त्यांची खोली आवरताना कपाटाच्या खालच्या खणात वही सापडली. दोनशे पानी, पट्टीनं उभ्या रेघा मारलेली, अगदी त्यांच्या मीटरच्या वहीसारखी. तारीख, वेळ, शेरा. पहिले बारा दिवस भरलेले होते: पावलं किती, वाटेत कोण, मास्तरांकडे चहा की कॉफी. एका दिवशी ‘मंडणगडवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं.’ तेराव्या दिवशी लिहिलं होतं, ‘७.०५. कुलूप.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘घरी विषय काढायचा नाही. पोरीला वाईट वाटेल.’

त्यानंतर रोज. सिक्युरिटीनं उठवलं तरी, स्टूल गेलं तरी, मास्तर सर्दीनं झोपून होते तेव्हाही. ‘कुलूप.’ ‘कुलूप.’ पानंच्या पानं. तीनदा कुलूप लागलं की घर रूटवरून काढायचं, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता. जायच्या दिवशीचीही नोंद होती. मी झोपेत असताना ते सकाळी जाऊन आले होते.

ब्राझीलचा नकाशा मी दुरुस्त करून पाठवला. तिथल्या बाईनं उत्तरात एवढंच लिहिलं, की आता हे आमचंच शहर आहे, दुर्दैवानं. मास्तरांकडे मी दर शनिवारी जाते, सहा किलोमीटर गाडीनं. सह्यांचा कागद अजून पर्समध्ये आहे. अकराच्या चौदा झाल्या आहेत.

वही सापडली त्या दिवशीच मी आप्पांना फोन लावला. त्यांच्या मागं सायकलची घंटा वाजत होती, कुणीतरी "काय रीडर, कधी आला?" म्हणून विचारत होतं. ते चालत होते, आवाजात धाप होती.

"आप्पा, तुमची वही इथंच राहिली. कोणी येणारं असलं तर पाठवून देऊ का?"

ते थांबले असावेत, कारण घंटा पुढं निघून गेल्याचं ऐकू आलं.

"राहू दे तिथंच," ते म्हणाले. "दार उघडलं की कळव."